स्कॉटलंडमध्ये शिकताना: हातात गळ धरावा की बंदूक?

एडिनबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, डंडी, सेंट अँड्र्यूज. दर सप्टेंबरात आपली मुलं यांपैकी कुठल्या ना कुठल्या गावी उतरतात. पहिल्या आठवड्यात विद्यापीठाचे क्लब टेबलं मांडून बसलेले असतात आणि त्यांत रायफल क्लब हमखास असतो. शहराबाहेर पडलं की नदीत मांडीभर पाण्यात उभं राहून दोर फेकणारी माणसंही दिसतात. ज्याने गावी ओढ्यावर गळ टाकलाय किंवा एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवलीय, त्याच्या मनात हे दोन्ही बघून चुळबुळ सुरू होते. फोनवर मला वारंवार विचारलं जातं, यातलं काय धरू? हा आढावा त्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका वर्षाच्या एमएससीला आलेल्याने गळ स्वतःचा घ्यावा आणि बंदूक क्लबाची चालवावी. स्वतःची बंदूक घेण्याचा विचार त्याने करू नये. पीएचडीवाल्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

परवानगी नेमकी कोणाची

या दोन छंदांतला खरा फरक इथे आहे. मासेमारीत पाण्याच्या मालकाची परवानगी लागते, तर बंदुकीला पोलिसांची.

इंग्लंडमध्ये गळ टाकायला सरकारी रॉड लायसन्स लागतं. स्कॉटलंडमध्ये तसं काही नाही, अपवाद फक्त सीमेवरच्या एस्क नदीचा. हे ऐकून मुलांना वाटतं की नदी सगळ्यांची. तशी ती नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये डोंगर, रान, काठ सगळीकडे जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिलाय, पण त्याच कायद्यात मासेमारी आणि शिकार त्या हक्कातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे तुम्ही काठाने दिवसभर चालू शकता, तंबूही ठोकू शकता, पण पाण्यात गळ सोडायचा तर ज्याचं पाणी त्याला विचारायला हवं. ते पाणी एखाद्या इस्टेटीचं असतं, किंवा स्थानिक अँगलिंग असोसिएशनने भाड्याने घेतलेलं. परमिट ऑनलाइन मिळतं, नाहीतर गावातल्या फिशिंगच्या दुकानात.

सामन (सॅल्मन) माशाच्या बाबतीत मामला आणखी कडक आहे. सामन मारण्याचा हक्क ही स्कॉटलंडमध्ये जमिनीपासून वेगळी अशी मालमत्ता आहे. काठावरचं शेत एकाचं आणि समोरच्या पाण्यातल्या सामनवरचा हक्क दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. हक्क किंवा लेखी परवानगी नसताना सामन किंवा सी-ट्राउट (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट मासा) पकडणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो समुद्रकाठीही लागू होतो. विद्यार्थी व्हिसावर असताना फौजदारी नोंद परवडणारी नाही. म्हणून परमिट खिशात ठेवा, आणि बांगड्यासाठी टाकलेल्या गळाला चुकून सी-ट्राउट लागलाच तर तो तिथेच सोडून द्या.

समुद्रात गळाने इतर मासे धरायला मात्र ना लायसन्स, ना फी. सुरुवात करणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

आता बंदूक. शॉटगन, म्हणजे छर्र्यांची बंदूक, घरी ठेवायची तर पोलीस स्कॉटलंडचं प्रमाणपत्र लागतं. ते पाच वर्षं चालतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची फी ७९.५० पौंडांवरून थेट १९४ पौंड झाली. पण अडचण पैशाची नाही. तुम्हाला किमान २ वर्षं ओळखणारे, ब्रिटनमध्ये राहणारे जामीनदार अर्जावर लागतात. तुमच्या डॉक्टरकडून प्रकृतीची, विशेषतः मानसिक आजारांची माहिती घेतली जाते. पोलीस घरी येऊन बघतात की भिंतीला पक्कं ठोकलेलं लोखंडी कपाट आहे की नाही. हॉस्टेलच्या खोलीत हे जमत नाही, भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोकं पाडायला घरमालक राजी होत नाही, आणि सप्टेंबरात आलेल्याला २ वर्षं ओळखणारा माणूस आणायचा कुठून? एका वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी हा रस्ता इथेच संपतो.

आपल्याकडून येणाऱ्यांची एका बाबतीत हमखास फसगत होते. भारतात साधी पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन एअर रायफल विनापरवाना मिळते. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून १ ज्यूलपेक्षा जास्त जोराच्या एअरगनलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. इंग्लंडमध्ये साध्या एअर रायफलला असं लागत नाही, म्हणून न्यूकॅसलच्या मित्राकडून ऐकून एअर रायफल घेऊन येऊ नका.

मग शिकायचं कसं? कायद्याने दोन दारं उघडी ठेवली आहेत. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला क्लबात, क्लबाच्या रायफलने नेमबाजी करायला स्वतःचं प्रमाणपत्र लागत नाही. विद्यापीठांचे क्लब याच तरतुदीवर चालतात, रायफली क्लबाच्या कुलपातच राहतात. दुसरं दार क्ले शूटिंगचं. पोलिसांनी मंजूर केलेल्या मैदानावर उडत्या तबकड्यांवर शॉटगन चालवायला प्रमाणपत्राची गरज नाही. आपल्यावर अपात्र ठरवणारी शिक्षा नाही, असं लिहून दिलं की प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तिथली बंदूक हातात मिळते. फाइफमध्ये कर्कॉल्डीजवळ क्लूनीला असं मैदान आहे, एडिनबऱ्याहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं.

कॅलेंडर बघा, बरंचसं कोडं तिथे सुटतं

हा मुद्दा कोणी सांगत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउट या नदीतल्या माशाचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. तुम्ही उतरता सप्टेंबरच्या मध्यावर. बँकेचं खातं, फ्लॅट, पहिली असाइनमेंट यांत ते तीन आठवडे कधी उडून गेले हे कळतही नाही, आणि नदी सव्वापाच महिन्यांसाठी बंद होते. सामनचा हंगाम नदीगणिक वेगळा आहे. स्पे ३० सप्टेंबरला मिटते, टे आणि डी १५ ऑक्टोबरला, ट्वीड मात्र ३० नोव्हेंबरपर्यंत उघडी असते. सामनवर रविवारी गळ टाकायचाच नाही, हाही कायदा आहे.

हिवाळ्यात काहीच नसतं असं नाही. रेनबो ट्राउट सोडलेली तळी वर्षभर चालू असतात, ट्वीड आणि क्लाइड नद्यांवर ग्रेलिंग मासा मिळतो, पाइक माशाला बंदी नाही. पण जानेवारीत बर्फाळ पाण्यात उभं राहून पहिले धडे गिरवण्यात मजा नाही. बोटं बधिर होतात, दोराची गाठ बसत नाही, आणि माणूस छंदच सोडून देतो.

रायफल क्लबाचं वर्ष याच्या उलट. भरती सप्टेंबरात, सराव ऑक्टोबर ते मार्च, तोही बहुतेक घरातल्या २५ यार्डांच्या रेंजवर. एडिनबऱ्यात डिसेंबरात पावणेचारच्या आधी सूर्य मावळतो. लायब्ररीतून बाहेर पडावं तर काळोख, खोलीत जावं तर एकटेपण. त्या दिवसांत आठवड्यातली एक संध्याकाळ उजेडाच्या, उबदार खोलीत दहा-बारा माणसांसोबत जाते, हे काही थोडकं नाही. आणि प्रबंध लिहायचे महिने, जून ते ऑगस्ट, येतात तेव्हा क्लब थंडावलेला आणि नदी ऐन भरात असते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. दिवसभर लिहून संध्याकाळी सहाला निघालात तरी चार तास हाताशी असतात.

त्यामुळे ‘हे की ते’ असा प्रश्न बहुतेकांना पडायलाच नको. हिवाळा रेंजवर, उन्हाळा पाण्यावर. पण पैसे किंवा वेळ एकालाच पुरत असेल तर पुढचं वाचा.

शिकायला काय लागतं

फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणून खरा किडा नसतो. पिसं आणि दोरा काट्याला बांधून केलेली माशी असते. तिला वजन नाही, म्हणून फेकायचा असतो तो जाड, वजनदार दोर, माशी त्याच्या मागून जाते. नवशिक्याची सगळी गडबड मागच्या फेकीत होते. रॉड मागे नेला की दोर पाठीमागे पूर्ण सुटून सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. तो क्षणभराचा थांबा मनगटात मुरायला काही आठवडे जातात. आधीच पुढे ओढलं तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड घ्या. नदीवर जाण्याआधी एडिनबऱ्यात मेडोजसारख्या मैदानात काटा न लावता टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. कोणी हसत नाही. उलट एखादे आजोबा थांबून कोपर कुठे ठेवायचं ते सांगून जातात.

क्ले शूटिंगमध्ये प्रशिक्षक आधी तुमचा प्रबळ डोळा कुठला ते तपासतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूवर अंगठा धरायचा आणि एकेक डोळा मिटून बघायचं. मग दस्ता खांद्याच्या खोबणीत आणि गाल दस्त्यावर असा बंदुकीचा मेळ बसवला जातो. तबकडी असते १०८ मिलिमीटर व्यासाची, आणि ती सुटल्यावर विचार करायला वेळच नसतो. बहुतेकांचा बार तबकडीच्या मागे जातो, कारण चाप ओढताना हात थांबतो. नळी तबकडीच्या मागून पुढे नेत राहायची, चाप ओढतानाही आणि ओढल्यावरही. हे एकदा उमगलं की पहिल्याच तासात दोन-चार तबकड्या हवेत काळ्या भुकटीसारख्या फुटतात. झटपट यशाचा आनंद हवा असेल तर मासेमारी त्याच्या जवळपासही फिरकत नाही. महिनाभर नदीवर जाऊन ट्राउट न लागणं हे नवशिक्याच्या बाबतीत अगदी नेहमीचं.

रायफल तिसऱ्याच स्वभावाची. पालथं पडायचं, पट्टा दंडाला आवळायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि समोरच्या कार्डावरच्या दहा वर्तुळांवर एकेक गोळी. एनसीसी केलेल्यांना हे घरच्यासारखं वाटेल. ज्यांचं मन अभ्यासाने सैरभैर झालंय त्यांना मी रायफलच सुचवतो. त्या अर्ध्या तासात दुसरं काही मनात येऊच शकत नाही.

पैसा

समुद्रावरची मासेमारी सगळ्यात स्वस्त. साधा स्पिनिंग रॉड आणि रीळ ४०-५० पौंडांत येतं, पिसांच्या गळांची माळ दोन-तीन पौंडांत. फ्लायचा पहिला संच १०० पौंडांच्या आसपास. ट्राउटच्या नदीचं दिवसाचं परमिट साधारण १० ते २५ पौंड, आणि ज्या असोसिएशनचं पाणी तुमच्या बसमार्गावर आहे तिचं हंगामी तिकीट काढलं तर दर फेरीचा खर्च बराच खाली येतो. एडिनबऱ्याहून एक्स ६२ बस पीबल्सला जाते, ट्वीड गावातूनच वाहते. रॉड नळकांड्यात घालून बसमध्ये नेता येतो, कोणी काही विचारत नाही.

सामन यात धरू नका. चांगल्या जागेचा एक दिवस शेकडो पौंडांचा असतो आणि त्यात मासा लागेलच असं नाही. टे नदीवर ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंड वजनाचा सामन गळाला लावला. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सामनचा तो विक्रम १०० वर्षं उलटली तरी मोडलेला नाही. पण आज त्याच माशाची ब्रिटनमधली संख्या इतकी घटलीय की २०२३ च्या डिसेंबरात त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सामन सोडावा लागतो, आणि ज्या नद्यांची अवस्था वाईट आहे तिथे वर्षभर. नवशिक्याने अशा माशावर हात साफ करू नये, असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठाच्या रायफल क्लबाची वर्गणी विद्यार्थ्याला झेपेल अशी असते, रायफल, जॅकेट, पट्टा सगळं क्लबाचं. क्ले मात्र खिशाला चटका लावतं. २५ तबकड्यांची एक फेरी काडतुसांसह साधारण २० पौंडांना पडते, आणि मैदानं गावाबाहेर असल्याने गाडीचा खर्च वेगळा. चौघांनी मिळून जावं.

पक्ष्यांची शिकार हा शब्द मी इथवर काढला नाही, कारण विद्यार्थ्याच्या आवाक्यात ती नाही. १२ ऑगस्टला ग्राउसचा हंगाम सुरू होतो, १ ऑक्टोबरला फेझंटचा. हाका घालून पक्षी उठवण्याच्या शिकारीत एका दिवसाला हजारो पौंड मोजणारे लोक येतात. विद्यार्थी तिथे पोचतात ते हाकारे म्हणून. दिवसभर झुडपं बडवत चालायचं, संध्याकाळी रोख मजुरी आणि कधी फेझंटची जोडी. अनुभव अस्सल आहे. पण ते काम ठरतं, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, स्वतंत्र धंदा म्हणून काम करायला तर मनाईच. आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा, मगच हो म्हणा.

जीव घेणं

घरी वर्षानुवर्षं एकादशी पाळलेली मुलं मला हे थोडं चाचरत विचारतात. त्यांनी विचारावंच असा हा प्रश्न आहे.

इथे बंदूक निर्दोष आणि गळ सदोष ठरतो. क्ले आणि रायफल, दोन्हींत कुठलाही जीव जात नाही. मासेमारीत जातो, आणि सोडून दिला तरी त्याला त्रास झालेला असतोच. ज्याला मासा खायचाच नाही त्याने निव्वळ पकडून सोडण्यासाठी गळ धरू नये, असं माझं मत आहे. अनेक स्कॉटिश मित्रांना ते पटत नाही. ते म्हणतात, नदीची काळजी घेणारे, प्रदूषणावर ओरडणारे सर्वाधिक लोक गळ टाकणारेच आहेत. हे खरंय. तरी मी मत बदललेलं नाही.

खाणार असाल तर गोष्ट निराळी. जुलै-ऑगस्टमध्ये बांगड्याच्या जातभाईंचे थवे धक्क्यांजवळ येतात, पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि माळेला एकदम तीन-चार लागतात. हा मासा फार लवकर उतरतो. धरल्याबरोबर डोक्यावर एक घाव घालून मारावा, रक्त काढावं, बर्फात ठेवावा आणि त्याच संध्याकाळी खावा. तिरफळं आणि कोकम घरून आणलेलं असेल तर आणखी काय हवं! पण रात्री जेवढे पानात पडतील तेवढेच ठेवा, लहान परत सोडा. सोडायचा मासा ओल्या हाताने धरायचा, पाण्याबाहेर कमीत कमी ठेवायचा, आणि नदीत असाल तर तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यायचा. काट्याचा उलटा दात पकडीने दाबून टाकलात तर निम्मा त्रास तिथेच वाचतो.

बंदुकीबद्दल तिथल्या लोकांना काय वाटतं

१३ मार्च १९९६ रोजी स्टर्लिंगजवळच्या डनब्लेन गावात एका माणसाने प्राथमिक शाळेत शिरून १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केलं. त्याची पिस्तुलं परवान्याची होती. त्यानंतर पालकांनी चळवळ उभारली आणि १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये खासगी हातात पिस्तूल ठेवण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. ती मुलं आज असती तर तिशीत असती. तुमच्या विभागातले प्राध्यापक, सुपरमार्केटमधली बाई, बसचा चालक यांच्यापैकी कोणाला ते गाव जवळचं असेल, तुम्हाला कळणार नाही. म्हणून हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बंदुकीवरून थट्टा नको, स्टेटसला बंदूक रोखलेले फोटो नकोत. सार्वजनिक ठिकाणी खेळण्यातली पण खरी वाटेल अशी बंदूक सबळ कारणाविना बाळगणं हाही गुन्हा आहे.

आपल्याशी याचा एक धागा जुळतो. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजी कार्नुस्टीजवळच्या बॅरी बडन इथे झाली. तिथे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. त्या पिस्तुलांसाठी सरकारला खास सूट द्यावी लागली होती. तुम्ही घरी असं पिस्तूल शिकला असाल तर स्कॉटलंडमध्ये तो सराव पुढे नेता येईल अशी आशा धरू नका, रायफलकडे वळा.

गळाभोवती असं कुठलंच सावट नाही. त्याचे धोके वेगळे. पाणी उन्हाळ्यातही अंग आखडवून टाकेल इतकं थंड असतं, होडीत लाइफजॅकेट अंगावरच हवं. कार्बनचा रॉड विजेच्या तारांखाली उभा धरायचा नाही. आणि पश्चिमेकडे मे ते सप्टेंबर मिज नावाच्या बारीक माश्या ढगांनी येतात, डोक्यावर जाळी नसेल तर वारा पडलेल्या संध्याकाळी दहा मिनिटंही उभं राहवत नाही.

मग कोणी काय धरावं

एमएससीला आलात, हात आखडता आहे, मासे खाता: सप्टेंबरात रायफल क्लबात नाव घाला, १५ मार्चनंतर ट्राउटचं परमिट काढा. दोन्ही झेपत नसेल तर रायफल सोडा, गळ ठेवा. तो भारतात परत नेता येतो, गोव्याच्या खाडीत आणि कोकणच्या खडपावर गरवायला तेवढाच कामाचा.

शाकाहारी असाल किंवा माणसांची सोबत हवी असेल तर रायफल क्लब, आणि वर्षातून एकदोनदा क्ले. एकांत हवा असेल तर रेंजवर जाऊ नका, तिथे सतत कोणाच्या तरी हुकमाने उठायचं-बसायचं असतं, आणि ते तसंच असायला हवं.

पीएचडीला तीन-चार वर्षं असणाऱ्याने पहिल्या वर्षी किन्रॉसजवळच्या लोख लेव्हन तळ्यावर एकदा तरी जावं. तिथले ब्राउन ट्राउट जगभर नेले गेले. आपल्या काश्मीरच्या नद्यांतले ब्राउन ट्राउटही विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांचेच वंशज. शॉटगनची ओढ असेल तर आधी दोन हंगाम क्ले मैदानाच्या बंदुकीवर काढा. तोवर क्लबातल्या कोणीतरी तुम्हाला २ वर्षं पाहिलेलं असेल, वेळेवर येताना, नळी उघडी ठेवून चालताना, रिकाम्या बंदुकीकडेही भरलेली समजून बघताना. अर्जावर जामीनदार म्हणून त्याचं नाव मागा, आणि त्याने आढेवेढे घेतले तर अर्ज आणखी वर्षभर पुढे ढकला.